खाऱ्या विहिरीवरचे सात दगड

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवाला मी फारसं मानत नाही, त्यामुळे ती सोयही नव्हती. तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं, आणि ते मला जमलं असतं तर हे एवढी वर्षं पोटात राहिलंच नसतं.

मी शिक्षिका होते. सासर वरवट बकालचं, नोकरी आसपासच्या खेड्यांतल्या शाळांत. विज्ञान शिकवायची. छडी कधी हातात घेतली नाही, पण जिभेला धार होती. पोरं म्हणायची, नलू मॅडमच्या बोलण्यापेक्षा मार परवडला. आणि तालुक्यात माझं नाव कशासाठी झालं, सांगू? पाण्यासाठी. मला पोहता येत नाही हे आधीच सांगून टाकते — तरीही पाण्याबद्दल बोलायला लोक मला बोलावून न्यायचे. आमच्याकडे हे चालतं. ज्याला येत नाही तो जास्त बोलतो.

त्याचं असं आहे की आमच्या भागात दरवर्षी कुठे ना कुठे कोणीतरी बुडतं. पोळ्याला बैल धुवायला नेलेला गडी, सुट्टीत विहिरीवर गेलेलं पोर, विसर्जनाला डोहात उतरलेला एखादा. माणूस तळाशी गेला न गेला तोच त्याच्याबद्दलच्या गोष्टी वर येतात. पोहणारा कधी बुडत नाही, म्हणतात. तीच माणसं चार दिवसांनी म्हणतात, पोहणाराच बुडतो. पाणी माणसाला तीनदा वर आणून दाखवतं. जेवून उतरलं की आतडी पिळतात. बुडणारा ओरडतो, हात हलवतो. ओरडला नाही म्हणजे मस्ती करतोय. आणि वर काढला की पाय धरून गरगर फिरवायचा, घागरीवर पालथा टाकायचा, पोट दाबायचं. एका गावात तर बुडालेल्या माणसाला मिठात पुरून ठेवलं होतं. कोणाच्या तरी मोबाइलवर आलं होतं की मिठात ठेवलं की गेलेला जीव परत येतो. गावातल्या दुकानातलं मीठ संपलं, तेव्हा दोघं मोटारसायकल घेऊन दुसऱ्या गावाला पोती आणायला धावले. इतकी धावपळ, इतकी माया — आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास द्यायला एकही जण वाकला नाही. ते ऐकलं त्या दिवशी मी जेवले नाही.

या सगळ्याशी मी भांडले. मोठ्या कागदावर तक्ता केला होता, लाल शाईनं समज आणि हिरव्या शाईनं खरी गोष्ट. तो गुंडाळून काखेत मारून मी एसटीनं हिंडायची. पोरांना सांगायची, बुडणारा ओरडत नाही रे बाबांनो. ओरडायला श्वास लागतो. त्याचं तोंड पाण्याखाली असतं, तो गुपचूप जातो. आणि त्याला वाचवायला आंधळेपणानं उडी मारू नका — तो तुमच्यावर चढेल. तुम्हाला खाली दाबून स्वतः वर येईल. त्याचा दोष नसतो, त्या वेळी तो माणूसच नसतो. दोर फेका, ओढणी फेका, रिकामा डबा फेका.

हे सांगताना माझा आवाज जरा जास्तच चढायचा. कोणाच्या लक्षात आलं नाही. येणार तरी कसं?

एकदा सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "मॅडम, आन् आसरा?" आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. विहिरीत, डोहात राहतात. एखादं माणूस मनात भरलं की त्याला धरून खाली नेतात, असं लोक मानतात. तक्त्यावर सगळं होतं — मीठ होतं, घागर होती, जेवण होतं. आसरा नव्हत्या. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पुढे चला." ज्या बाईनं शाळेच्या दारावरचं लिंबू-मिरची स्वतःच्या हातानं उपटून फेकलं होतं, तिचं हे उत्तर.

ती मुलगी माझ्याच माहेरची होती. तिच्या गावच्या विहिरीवर आसरांचे सात दगड आहेत. शेंदूर लावलेले, ओळीत मांडलेले. नव्या सुनांना तिथे ओटी भरायला नेतात. ते दगड तिथे माझ्यामुळे आहेत.

थांबा. असं एकदम नको. आधी वच्छी सांगते.

वच्छला, म्हणजे वच्छी, आमची शेजारीण, माझ्याच वयाची. आमचं गाव वरवटपासून जवळच, सकाळी सातपुडा स्पष्ट दिसतो इतकं उघड्यावरचं. तिच्या वडिलांचा, किसनकाकांचा, गावाला लागून मळा होता. वांगी, मिरची, कांदा. मळ्यात पायऱ्यांची विहीर आणि विहिरीवर इंजिन. त्या इंजिनाच्या पाइपाच्या खालच्या तोंडाला जाळी असते. तिला शेवाळ, पालापाचोळा गुंडाळला की पाणी चढत नाही. मग कोणीतरी बुडी मारून ती मोकळी करायची. किसनकाकांना मुलगा नव्हता. त्यांनी लेकीलाच पोहायला शिकवलं. बारा वर्षांची वच्छी तोंडात दम भरून खाली जायची आणि मूठभर शेवाळ घेऊन वर यायची, हसत. गावात तिला पाणकोंबडी म्हणायचे. म्हाताऱ्या माणसांना ते खपायचं नाही. "पोरीच्या जातीले पोहनं कायले शिकवलं, किसन्या?" असं कोणी विचारलं की काका म्हणायचे, "पान्याले काय समजते बापा, पोट्टं कोनतं आन् पोट्टी कोनती?"

हे वाक्य मी पुढे माझ्या भाषणांत वापरलं. किसनकाकांचं नाव न घेता.

वच्छीनं मला शिकवायला घेतलं होतं. पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, तोंड मेणानं बंद केलेला, आणि पाण्यात उतरायचं. डबा तरंगतो, तुम्ही हातपाय मारता. मग हळूहळू डब्याचा आधार सुटतो. बाकीच्या पोरींचा आठ दिवसांत सुटला. माझा दोन उन्हाळे झाले तरी सुटेना. वच्छी कधी चिडली नाही. पाण्यात माझ्या पोटाखाली हात धरून म्हणायची, "भेऊ नको, म्या हावो ना."

मला तिचा हेवा वाटायचा. आता साठी ओलांडल्यावर म्हणायला सोपं जातंय, तेव्हा त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. वर्गात माझा पहिला नंबर यायचा, वच्छी कशीबशी पास व्हायची. पण विहिरीवर ती राणी, आणि मी डबेवाली. एक दिवस किसनकाका सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "नले, डबा तुले पोहवून राह्यला का तू डब्याले?" सगळे हसले. वच्छीही हसली. साधी गंमत होती ती. माझ्या मात्र जिव्हारी लागली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, बाहेरच्या माणसाला तिचं हसू येईल. आमचा पट्टा खारपाणाचा. त्या विहिरीचं पाणी मचूळ. वांग्या-मिरचीला चालायचं, पिताना तोंड वाकडं व्हायचं, त्या पाण्यात डाळ शिजायची नाही. आणि आमच्याकडे मोठी माणसं अगदी खात्रीनं सांगायची की आपलं पाणी खारं, ते माणसाला बुडू देत नाही, वर उचलून धरतं. डोंगराकडच्या गोड्या पाण्यात लोक बुडतात, खाऱ्यात नाही. मी ते शंभरदा ऐकलं होतं. पहिल्या नंबरची हुशार मुलगी मी — माझा त्यावर पुरता विश्वास होता.

मे महिना, दुपारची वेळ. इंजिन बंद पडलं होतं, काका वर त्याच्या खोपीत खटपट करत होते. वच्छी जाळी मोकळी करायला खाली गेली. पाणी हिरवं, गढूळ. दोन हात खालचं दिसायचं नाही. विहिरीत मी एकटी. मी डब्याचा दोर सोडला. डबा पायरीवर ठेवला. मनात म्हटलं, ही वर येईल तेव्हा मी पाण्याच्या मधोमध असेन, बिनडब्याची. बघू दे तिला.

आणि उडी मारली.

खाऱ्या पाण्यानं मला उचलून धरलं नाही. मी खाली गेले, वर आले, नाका-तोंडात पाणी, पुन्हा खाली. ओरडले का? नाही. ओरडताच आलं नाही. पुढे पोरांना जे छातीठोकपणे सांगायची, ते कुठल्या पुस्तकातून आलेलं ज्ञान नव्हतं. तेवढ्यात पायाखाली काहीतरी आलं. उबदार, हलणारं. वच्छी होती — दम संपत आला म्हणून वर यायला निघालेली. मी तिला धरलं. केस धरले, मान धरली, गुडघा तिच्या खांद्यावर टाकला. ती धडपडत होती. मी चढले. तिच्या खांद्यावर पाय दिला, मग डोक्यावर. तिला खाली रेटून मी पायरीचा दगड गाठला आणि वर आले.

तिनं मला पाहिलंच नाही. ती पाण्याखाली होती, मी वरून आले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मग मी ओरडले. काका धावत आले, कपड्यांसकट उडी घेतली, तिला वर काढलं. शुद्ध नव्हती. लोक जमले. तिला पाय धरून फिरवलं, घागरीवर पालथी टाकली, पाठीत धपाटे घातले — जे जे करू नये म्हणून मी पुढे जन्मभर सांगत आले ते सगळं केलं — आणि तिला ओकारी झाली, श्वास आला. पोरीचं नशीब. गाव आजही म्हणतं की फिरवल्यानं वाचली.

डोळे उघडल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, "कोनं तरी धरलं मले. केस धरले, खाली दाबलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विहिरीत दुसरं होतं कोण? गर्दीतल्या एका म्हातारीनं विचारलं, "नले, तुले दिसलं का वं काही?" तिचा आवाज मऊ होता. रागाचा असता तर मी कदाचित खरं बोलले असते. कदाचित. मी म्हणाले, "हाव. लांब केस दिसले. हिरव्या बांगड्या होत्या." मी पायरीवर बसले होते, आणि पाण्यातून एक हात आला, असं सांगितलं.

हिरव्या बांगड्या माझ्याच हातात होत्या. त्यातली एक फुटून वच्छीच्या मानेला लागली होती, रक्त येत होतं. अंग ओलं होतं, पण डबा बांधून मी रोजच पाण्यात असायची, म्हणून त्याचं कोणाला नवल वाटलं नाही; हात मात्र परकराच्या घोळात लपवून बसले होते. ती जखम भरली, पण बारीक वण राहिला. त्याला गावानं आसरांची खूण म्हटलं. अजूनही म्हणतात. वच्छी स्वतः म्हणते.

बारा वर्षांच्या पोरीनं घाबरून मारलेली थाप — असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! थापेचं आयुष्य दोन दिवसांचं असतं. हिला मात्र पाय फुटले. वच्छीच्या आईनं विहिरीवर सात दगड मांडले, शेंदूर लावला, दहीभाताचा नैवेद्य ठेवला. पोरीला पाण्यात घातलं म्हणून गावानं किसनकाकांना बोल लावले. कोणालाही जागच्या जागी उत्तर देणारे ते काका — मान खाली घालून ऐकून घेऊ लागले. जाळी साफ करायला त्यांनी गडी ठेवला. गावातल्या कुठल्याच मुलीला पुन्हा विहिरीत उतरू दिलं नाही. वच्छीसाठी धामणगाव बढ्याचं चांगलं स्थळ आलं होतं. पसंती झाली, आणि मग त्यांच्या कानावर गेलं की पोरीवर आसरांचा डोळा आहे. मोडलं. पुढे तिला गावातल्याच एका बिजवराला दिली. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. पण ती त्याची निवड नव्हती आणि तो तिची नव्हता.

आणि पाणकोंबडी पाण्याला घाबरू लागली. नुसती घाबरू लागली नाही. नदीच्या पुलावरून एसटी जाताना डोळे मिटून घेते. घरात हौद बांधू दिला नाही. आंघोळ करताना लहान तांब्यानं पाणी घेते, डोक्यावरून एकदम ओतत नाही.

हे सगळं मी पाहिलं. मी तिथेच तर होते.

आणि आता जे मला सर्वांत जड जातं ते. त्या दिवशी मी आरोळी दिली म्हणून वच्छी वाचली, असं सगळे मानतात. ती तर मानतेच. मळ्यातला पहिला तोडा निघाला की आधी माझ्या घरी येतो. भरताची वांगी, कांद्याची पात, हिरव्या मिरच्या. तिचा मुलगा वरवटच्या बाजाराला येतो आणि पिशवी माझ्या दारात ठेवून जातो. चाळीसहून जास्त वर्षं. लग्न होऊन मी इथे आले त्या पहिल्या हंगामापासून एकही चुकलेला नाही. एकदा मी म्हटलं, वच्छे, पुरे आता. ती रागावली. म्हणाली, "जीव देल्ला तू मले. वांगे जास्त झाले का?" मी ती वांगी भाजली, भरीत केलं, जेवले. चवीनं जेवले — खोटं कशाला सांगू?

दोन वर्षांपूर्वी तिची नात माझ्याकडे आली. श्रावणी. धावण्यात जिल्ह्यापर्यंत गेलेली, उंच, सरळ मान. अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. तिथे पोहणं शिकावंच लागतं. घरात सगळे तयार. आजी मात्र अडून बसली. आमच्या घरावर आसरांचा डोळा आहे, पोरगी पाण्यात उतरली की गेली. आणि वच्छीचा मुलगा आईचा शब्द मोडणाऱ्यातला नव्हे. प्रवेशाची मुदत चार दिवसांवर आली होती. श्रावणी माझ्या ओसरीवर बसून रडली. म्हणाली, "आजी, तुमीच सांगा तिले. तुमचं ऐकते थे. तुमी तं हे सगळं खोटं हाये म्हनून शिकवलं ना आमाले?"

शिकवलं होतं. तक्त्यात नव्हतं एवढंच.

मी ऑटोत बसून गावाला निघाले तेव्हा खरं सांगायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा ठरलं होतं — वच्छे, ते हात माझे होते. एवढंच. पाच शब्द. वाटेत मी ते पुटपुटत होते, ऑटोवाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं. पोहोचले तर वच्छी अंगणात सुपात कांद्याचे डोंगळे, म्हणजे वाळलेले फुलांचे गोंडे, चोळून बी काढत बसली होती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला — मला सांगता येत नाही. हात झटकत उठली, पदरानं बसायची चौकी पुसली. "ये वं बाई. किती वाळली तू! जेवतं नाई का?" मानेवरचा तो वण घामानं चमकत होता.

माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? मी म्हणाले, वच्छे, मला स्वप्न पडलं. सात बाया आल्या होत्या, हिरव्या बांगड्यांच्या. म्हणाल्या, वच्छीचं देणं फिटलं. आमची ओटी भरा, आम्ही तिच्या घरावरची नजर काढून घेतो. तिची नात पाण्यात उतरली तर आम्हीच तिला सांभाळू.

मी. विज्ञानाची शिक्षिका.

आणि तिनं विश्वास ठेवला! का ठेवला? कारण नलू मॅडम देवधर्म मानत नाही, स्वप्न-दृष्टांत मानत नाही, खोटं तर कधीच बोलत नाही. मग तिलाच स्वप्न पडलं म्हणजे ते खरंच असणार. मी जन्मभर सत्यासाठी भांडून जी पत कमावली, ती त्या एका खोट्याच्या कामी आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघींनी विहिरीवर जाऊन सात दगडांची ओटी भरली. खण, नारळ, सात डझन हिरव्या बांगड्या. मी माझ्या हातानं हळदकुंकू वाहिलं. श्रावणी बाजूला उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. पोर हुशार आहे. त्यानंतर तिनं मला पूर्वीसारखं काही विचारलेलं नाही.

ती गेली अमरावतीला. शिकली. वच्छीच्या मुलाच्या मोबाइलवर तिचा व्हिडिओ आला, निळ्या पाण्यात सरळ रेघ ओढल्यासारखी पोहणारी. वच्छीनं तो मला दाखवला, किती वेळा दाखवला. "पाह्य, पाह्य, मह्यावानी हात टाकते." मग घरात जाऊन लुगडं आणलं, माझ्या ओटीत घातलं आणि वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी तिला अडवलं. ती म्हणाली, तू दोनदा तारलं मले.

मघाशी मी एक गोष्ट गाळली. तुमच्या लक्षात आली का? मी म्हटलं, मी पायरीवर आले आणि मग ओरडले. या दोहोंच्या मध्ये काहीतरी होतं.

पाण्यात मी तिच्यावर चढले, त्याबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलंय. त्या वेळी बुडणारा माणूस माणूस नसतो, हे मी पोरांना सांगायची ना, ते आधी स्वतःलाच सांगितलं होतं. पण पायरीवर आल्यावर मी बुडत नव्हते. दगड माझ्या खाली होता, श्वास येत होता. मी माणूस होते. माझे पाय अजून पाण्यात होते. आणि खालून तिचा हात आला. बोटं माझ्या घोट्याला लागली, आवळली. तिनं मला धरलं होतं, बस्स, धरून राहायचं होतं तिला. मी नुसती बसून राहिले असते तरी ती वर आली असती. ओढायलाही नको होतं.

मी पाय झटकला. वर ओढून घेतला, दोन्ही पाय पोटाशी घेतले. तिची बोटं सुटली. पाण्यावर बुडबुडे आले. मी ते पाहत बसले. किती वेळ? मला माहीत नाही. थोडाच असेल. पण ओरडण्याच्या आधी मी पाहत बसले होते, आणि त्या वेळात माझ्या मनात जे आलं ते हे — आता हिला कळणार की मी डबा सोडला होता.

हे ते. एवढंच आहे, आणि हेच आहे.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. थंडी होती, ऊन कोवळं होतं. वच्छीनं निरोप धाडला, नलीला बोलावलंय. गेले. ती म्हणाली, "चाल, हिरीवर जाऊ." मला वाटलं दगडांना फूल वाहायचं असेल. ती दगडांपाशी थांबली नाही. भिंतीला हात लावत पायऱ्या उतरू लागली. मी मागून. पाणी तेच होतं, हिरवं, मचूळ. शेवटच्या कोरड्या पायरीवर मी बसले, पाय पाण्यात सोडून. ती आणखी खाली उतरली. एक पायरी, दुसरी. गुडघाभर, मग कमरेएवढं. साठी उलटलेली बाई, लुगडं पाण्यावर फुगलेलं, दात वाजत होते — थंडीनं का भीतीनं, कोण जाणे. लहान पोरीसारखी हसली. मग तिचा तोल गेल्यासारखा झाला, तिनं हात पुढे केला आणि आधाराला माझा घोटा धरला. घट्ट.

"भेव लागते वं," म्हणाली. "हलू नको."

मी हलले नाही. ती तशीच उभी राहिली, माझा पाय मुठीत धरून, दुसऱ्या हातानं पाणी हळूहळू मागे सारत, जसं पूर्वी मला शिकवायची तसं. बराच वेळ. मग पाण्याकडे बघतच म्हणाली, "तवा बी तू अशीच बसेल होती ना, याच पायरीवर?"

मी म्हणाले, "हाव."

"तू होती म्हनून म्या हावो, नले."

मी यावरही "हाव" म्हणाले. पाय तेवढा हलवला नाही.